फॅटबाइक की एमटीबी? नागपूरची थंडी आणि स्पितीचा बर्फ

दुकानात शेजारी-शेजारी उभ्या असल्या की फॅटबाइक आणि एमटीबी, म्हणजे माउंटन बाइक, एकाच घरच्या वाटतात. दोघींना सरळ हँडल, डिस्क ब्रेक, गाठीगाठीचे टायर. एकीचे जरा जाड, इतकंच. मग नोव्हेंबरात नागपुरात पहाटे स्वेटर निघाले की प्रश्न सुरू होतात. चिखलदऱ्याला कोणती न्यायची? जानेवारीत स्पितीला जायचंय तर जाड टायरचीच घ्यायची का? आणि घेतलीच तर तीच इथे वर्षभर पिदडता येईल का?

नुसती जाडी बघून याचं उत्तर मिळत नाही. त्या टायरात हवा किती कमी ठेवता येते, यावर सगळा खेळ आहे.

एमटीबीचा टायर साधारण २.१ ते २.६ इंच रुंद, रिम आतून २५ ते ३० मिमी आणि हवा २० ते ३० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप). फॅटबाइकचा टायर ३.८ ते ५ इंच, रिम ६५ ते १०० मिमी. तिची हवा जमिनीप्रमाणे बदलते: डांबरावर १२ ते १८, मुरुमावर ८ ते १२, नदीच्या वाळूत ५ ते ८, दाबल्या गेलेल्या बर्फावर ३ ते ६. एमटीबीच्या टायरात ६ पीएसआय ठेवून बघा. पहिल्याच दगडावर रिम आपटेल आणि ट्यूबला शेजारी-शेजारी दोन भोकं पडतील.

आता हिशोब. चालवणारा ८० किलोचा, फॅटबाइक १६ किलोची. ६ पीएसआयवर दोन्ही टायर मिळून जमिनीला अंदाजे २३० चौरस सेंमी टेकतात. तोच माणूस एमटीबीवर २५ पीएसआयने बसला तर टेकणारी जागा ५५ चौरस सेंमीच्या आसपास भरते. वजन चौपट जागेवर पसरल्यामुळे फॅट टायर वाळूत किंवा बर्फात रुतत नाही. आणि त्याच जाड टायरात ३० पीएसआय भरली तर हा फायदा जवळजवळ सगळा जातो. उरतं ते फक्त वजन. आपल्याकडच्या बहुतेक फॅटबाइक अशाच, टणक फुगवलेल्या फिरताना दिसतात.

या सायकलीचं मूळही तसंच आहे. अलास्कातल्या हिवाळी शर्यतींसाठी तिथल्या लोकांनी रुंद रिम बनवून घेतल्या, आणि न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात वाळूसाठी तसेच प्रयोग चालू होते. २००५ मध्ये सर्ली या अमेरिकी कंपनीची पग्सली ही सायकल बाजारात आली आणि फॅटबाइक तयार मिळू लागली. बर्फ आणि वाळू ही तिची दोन माहेरं. दगडधोंडे हे एमटीबीचं काम.

दुकानातला एक घोटाळा इथेच सांगून टाकू. फॅटबाइकवर २६ × ४ लिहिलेलं असतं, एमटीबीवर २९ × २.२. वाचून वाटतं, पहिली लहान चाकाची. पण २६ चा आकडा रिमचा. जाड टायर चढवल्यावर बाहेरचा व्यास साधारण ७४० मिमी होतो, आणि २९ × २.२ चा ७३० मिमी. म्हणजे उंची जवळपास सारखीच. तेव्हा 'लहान चाक आहे, मुलाला होईल' म्हणून फॅटबाइक घेऊ नका. फ्रेमचं माप बघा.

चिखलदरा, पांदण आणि कन्हानची वाळू

आपली थंडी कोरडी. डिसेंबर-जानेवारीत पारा १० अंशांच्या खाली गेला तरी जमिनीवर गोठत काही नाही. त्यामुळे 'हिवाळ्यासाठी फॅटबाइक' हे वाक्य विदर्भात लागू पडत नाही. इथे टायर ऋतू बघून नाही, माती बघून निवडावा लागतो.

परतवाड्याहून चिखलदऱ्याला चढताना जवळजवळ ७०० मीटर उंची कमवावी लागते. वाट डांबरी, कडेला मुरूम आणि बसाल्टची खडी. इथे एमटीबीच. चढताना फॅटबाइकचे चार-पाच किलो जादा ओढावे लागतात आणि टायरचा डांबरावरचा घूंऽऽ आवाज सांगत राहतो की तुमची ताकद कुठे चाललीय. उतारावर तर फरक आणखी मोठा. एमटीबीच्या शॉकरमध्ये तेल असतं. तो दबतो आणि संथपणे परत येतो. फॅट टायर नुसता हवेवर दबतो, त्याला आवरणारं काही नसतं. १५ पीएसआयने खडीवर वेगात उतरलात तर पुढचं चाक चेंडूसारखं उडतं, आणि उडालेल्या चाकाचा ब्रेक काय कामाचा? हवा ९-१० वर आणली की उसळी कमी होते, पण मग डांबरी वळणावर हँडल आपोआप आत ओढलं जातं. या दोन्हींच्या मधला आकडा शोधण्यातच अर्धा घाट संपतो.

(घाटात भल्या पहाटे एकट्याने उतरू नका. मेळघाटात अस्वल आणि गवे आहेत. आणि व्याघ्र प्रकल्पाच्या आतल्या जंगलवाटा सायकलीसाठी मोकळ्या आहेत असं गृहीत धरू नका. वनखात्याला आधी विचारा.)

पांदणीवरही एमटीबी बरी. पावसाळ्यात बंड्या आणि ट्रॅक्टर गेलेल्या काळ्या मातीच्या चाकोऱ्या हिवाळ्यात विटेसारख्या टणक होतात. ९५-१०० मिमी रुंदीचा टायर तिथे चाकोरीच्या दोन्ही कडांना घासतो आणि हँडलला झटके देतो. दोन इंची टायर तळातून सरळ जातो, नाहीतर सरळ धुऱ्यावर चढतो. जानेवारीत अवकाळी पाऊस पडला तर मात्र दोघींनीही घरी बसावं. ओली काळी माती जाड टायर दुप्पट उचलतो, ती फ्रेमच्या मागच्या दांड्यांत भरते आणि चाक फिरायचं थांबतं. काडीने उकरत बसा मग.

फॅटबाइक खरी शोभते ती नदीत. हिवाळ्यात कन्हान आणि वैनगंगेची पात्रं आकसतात आणि कोरडी वाळू उघडी पडते. तिथे एमटीबीचं पुढचं चाक काही मीटरांत रुततं आणि माणूस हँडलवरून पुढे. फॅटबाइक ६ पीएसआयवर, हलक्या गिअरमध्ये, सीटवर बसून एका लयीत पायडल मारत निघून जाते. उभं राहून जोर लावला की मागचं चाक जागीच खड्डा खणतं. वळायचं तेही मोठ्या घेऱ्याने. हँडल झटक्यात वळवलं तर पुढचा टायर नांगर होतो.

काट्यांच्या बाबतीत कुणी सुटत नाही. बोर, बाभूळ आणि सराटे सगळीकडे, आणि जाड टायर जमीन जास्त झाडतो म्हणून काटेही जास्त गोळा करतो. दोन्हींवर ट्यूबलेस टायर आणि आत सीलंट (भोक आपोआप बुजवणारं द्रव) हाच उपाय: २९ × २.४ ला १०० मिली, २६ × ४ ला १५० मिली.

स्वस्त फॅटबाइकची पोटदुखी

दहा-पंधरा हजारांच्या फॅटबाइकवर जाड टायर सोडला तर फॅटबाइकचं बाकी थोडंच असतं. लोखंडी फ्रेम, वजन १८ ते २२ किलो, पुढचा शॉकर नुसत्या स्प्रिंगचा, मागे १४-२८ दात्यांचं, सात पानांचं (दातेरी चकत्यांचं) फ्रीव्हील. पुढचं लहान पान २४ दात्यांचं असेल तर सगळ्यात हलका गिअर ०.८६ चा पडतो, म्हणजे पायडलच्या एका फेरीत चाक ०.८६ फेरी फिरतं. चांगल्या फॅटबाइकला किंवा एमटीबीला पुढे एकच ३० दात्यांचं पान आणि मागे ५० चं असतं, गिअर ०.६. वाळूत आणि घाटात हा फरक मांड्यांना पहिल्या दहा मिनिटांत कळतो.

दुसरं, पायांतलं अंतर. टायरला जागा करायला फॅटबाइकची बीबी (बॉटम ब्रॅकेट, पायडलचे दांडे म्हणजे क्रँक जिच्यावर फिरतात ते फ्रेममधलं बेअरिंग) १०० मिमी किंवा त्याहून रुंद असते, एमटीबीची साधारण ७३. त्यामुळे दोन पायडल २०० मिमीपेक्षा जास्त लांब जातात. एमटीबीवर हे अंतर १७०-१७५ च्या घरात असतं. कमी उंचीच्या माणसाचे गुडघे लांबच्या फेरीत याच कारणाने दुखतात, आणि दोष मात्र सीटच्या उंचीला जातो. सुट्या भागांचंही तसंच. मागचा हब एमटीबीत १४२ किंवा १४८ मिमी, फॅटबाइकमध्ये १७७ किंवा १९७. एकीचं चाक दुसरीला बसत नाही. नेहमीच्या दुकानात एमटीबीची बीबी लगेच मिळते. फॅटबाइकची मागवावी लागते, तेव्हा लांब फेरीच्या आधी पंधरा दिवस ती हलवून बघा. क्रँक आडवा हलला की बीबी गेली.

हवा भरतानाची चूक सगळ्यात जास्त होते. टायरच्या कडेला कमाल दाब छापलेला असतो, बहुतेकदा २० किंवा ३० पीएसआय. मोटारसायकलच्या व्हॉल्वसारखा व्हॉल्व असला की लोक पेट्रोल पंपावर जातात, आणि तिथला कॉम्प्रेसर क्षणात जास्त हवा कोंबतो. टायर रिमवरून उडू शकतो. घरचा पंपही जपून वापरा: १६० पर्यंतच्या काट्यावर ६ आणि १० मधलं अंतर केसाएवढं. १५ किंवा ३० पीएसआयपर्यंतचा वेगळा गेज घ्या. फॅटबाइकसाठी तो चैनीचा नाही, गरजेचा आहे.

खरोखरचा बर्फ

स्पिती, नारकंडा, औली, गुलमर्ग: इथला हिवाळा म्हणजे दुसराच प्राणी. पण तिथेही फॅटबाइक सगळीकडे जात नाही. गाड्यांनी किंवा माणसांनी दाबलेल्या बर्फावर ती मजेत चालते. ताजा, भुसभुशीत बर्फ वीतभर पडला की तीही ढकलावी लागते. खूण सोपी: मागे वळून टायरचा माग बघा. तो इंचापेक्षा खोल गेला तर १ पीएसआय हवा सोडा. ४ वर येऊनही खोलच जात असेल तर परत फिरा.

आणि सावलीतल्या वळणावर वितळून पुन्हा गोठलेलं पाणी काचेसारखं झालेलं असतं. त्यावर पाच इंची टायरही घसरतो. तिथे फक्त खिळ्यांचा टायर धरतो, मग तो एमटीबीचा असला तरी चालेल. जानेवारीत रस्त्यावरूनच जाणार असाल आणि मोकळ्या बर्फात शिरणार नसाल, तर एमटीबीला खिळ्यांचे टायर चढवणं हा आमच्या मते फॅटबाइक घेण्यापेक्षा शहाणा सौदा.

हवेचा एक चकवा लक्षात ठेवा. 'थंडीत हवा उतरते' हे सगळ्यांना माहीत असतं, उंचीचं विसरतात. नागपुरात ३० अंशांत फॅट टायरमध्ये ८ पीएसआय भरली. स्पितीतलं काझा सुमारे ३,७०० मीटरवर. तिथे उणे १० अंशांत थंडीने टायरातली हवा आकसते, पण बाहेरचा दाब नागपूरच्या १४.२ वरून सुमारे ९.३ वर आलेला असतो. गेज दाखवतो १०. म्हणजे टायर मऊ व्हायच्या ऐवजी टणक झाला, आणि बर्फावर घसरला. तोच हिशोब एमटीबीच्या २५ पीएसआयला लावला तर काझात २४.७ येतात, फरक कळणारही नाही. चिखलदऱ्याला पहाटे ८ अंशांत फॅट टायरचे ८ चे ७.७ होतात, तेव्हा तिथे छेडछाड नको. बर्फाच्या गावी मात्र सायकल तासभर बाहेर थंडीत उभी ठेवा, मग गेज लावा.

थंडीत दुसरं जे बिघडतं ते ग्रीस. मागच्या हबमधलं जाड ग्रीस उणे तापमानात घट्ट होतं, आतले कुत्रे (पायडलचा जोर चाकाला देणारे छोटे खटके) उघडत नाहीत आणि पायडल रिकामंच फिरतं. निघण्याआधी हब उघडून जुनं ग्रीस पुसा आणि कमी तापमानाचं पातळ ग्रीस लावा. तेलाचा शॉकरही थंडीत आळसतो, म्हणून बर्फातल्या फॅटबाइकना बरेचदा शॉकर नसतोच. तिथे ती कमतरता नव्हे.

सोबत काय न्यायचं? फॅट ट्यूब मिळाली नाही तर २६ × २.४ ते २.७५ ची ट्यूब आणीबाणीला ताणून भागते. पातळ होते, म्हणून परत आल्यावर काढून टाका. पंप मोठ्या पोटाचा घ्या, नाहीतर ४ इंची टायर भरता-भरता हात भरून येतील. कारच्या मागच्या रॅकची चाकाची खाच बहुतेकदा ३ इंचांपर्यंतच असते. फॅटबाइक न्यायची असेल तर लांब पट्टे आणि रुंद खाचेचा रॅक आधी बसवून बघा.

नागपूरला परतल्यावर मार्चपासून वेगळी काळजी. ४५ अंशांच्या उन्हाळ्यात सीलंट दोन-तीन महिन्यांत वाळून टायरात कातडीसारखं चिकटतं, म्हणून एप्रिलमध्ये टायर उघडून ते सोलून काढा आणि नवं भरा. आणि फॅटबाइक ५ पीएसआयवर महिनोन् महिने उभी ठेवू नका, टायरची कड मुडपून चिरते. १५ पर्यंत फुगवा, नाहीतर भिंतीला टांगून ठेवा.