8:42 ची लोकल आणि 31 जुलै

'डोपामिन डिटॉक्स'चा एक रील गेल्या आठवड्यात आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तीनदा फिरला. चोवीस तास मोबाईल बंद, गोड बंद, गाणी बंद. की मेंदू 'रिसेट' आणि एडीएचडी, म्हणजे लक्ष आवरायला अवघड जाण्याचा विकार, गायब. डोपामिन हे मेंदूतलं एक रसायन. ते म्हणजे काय नाल्यातला गाळ आहे, पावसाळ्याआधी उपसून टाकायला?

रील जरा जास्तच झोंबला, कारण माझ्या मावसभावाला 36 व्या वर्षी एडीएचडीचं निदान झालं. मुलुंडला राहतो, नोकरी फोर्टात. 8:42 ची लोकल त्याची वर्षातून चार-दोनदाच चुकत असेल. आयकराचं विवरणपत्र मात्र सलग तीन वर्षं 31 जुलै उलटल्यावर भरलं, दर वेळी 5,000 रुपये विलंब शुल्कासकट. त्यातल्या एका वर्षी तर त्यालाच 11,000 रुपये रिफंड येणार होता! घरचे म्हणायचे, "लोकल बरी लक्षात राहते!" चंद्र बिघडलाय असं कुणीतरी सांगितलं म्हणून मावशीने त्याच्या करंगळीत चांदीतला मोतीही घातला. तो त्याने दोनदा हरवला.

पण त्या टोमण्यातला प्रश्न अगदी बरोबर आहे. लोकल जमते, तर विवरणपत्र का जमत नाही?

'अटेन्शन डेफिसिट' या नावानेच घोळ घातलाय. या माणसांकडे लक्ष कमी नसतं. आवडीच्या कामात ती जेवणखाण विसरतात. लक्ष हवं तिथे, हव्या वेळी वळवणं जड जातं. आणि हे मोबाईलने लागलेलं खूळ नाही. निदानाचे जे निकष सर्रास वापरले जातात, त्यांत काही लक्षणं वयाच्या 12 वर्षांआधीपासून दिसलेली असावी लागतात, तीही घर, शाळा, ऑफिस अशा किमान दोन ठिकाणी. म्हणून मानसोपचारतज्ज्ञ आधी लहानपणाबद्दल विचारतात. मावसभावाची चौथीतली प्रगतिपुस्तकं मावशीने जपून ठेवली होती. शेरा दर सहामाहीला तोच: 'हुशार आहे, पण धांदरट.'

आता माझ्या आवडीचा भाग. माकडाच्या तोंडात फळाच्या रसाचा थेंब पडला की मेंदूतल्या डोपामिनच्या पेशी एकदम जोरात 'बोलतात'. आता रसाच्या आधी दर वेळी एक दिवा लावा. काही दिवसांनी त्या पेशी दिवा लागतानाच बोलतात आणि रस आल्यावर गप्प राहतात, कारण तो अपेक्षितच असतो. दिवा लावून रस दिलाच नाही, तर रस यायच्या नेमक्या क्षणी त्या नेहमीपेक्षाही शांत होतात. मेंदूशास्त्रज्ञ वुल्फ्राम शुल्ट्झ यांच्या या प्रयोगांवरचा 1997 चा निबंध फार गाजला. त्याचा मथितार्थ असा, की डोपामिन हा निव्वळ सुखाचा रस नाही. अपेक्षा आणि प्रत्यक्ष यांतल्या फरकाचा तो हिशेब आहे. शिकता शिकता हा हिशेब बक्षिसाकडून खुणेकडे, म्हणजे मागे मागे सरकतो. लांबच्या बक्षिसासाठी आपण आज उठून कामाला लागतो, ते या सरकण्याच्या जोरावर.

गेल ट्रिप आणि जेफ विकेन्स या संशोधकांनी 2008 मध्ये मांडलं, की एडीएचडीत हे सरकणंच कमी पडतं. बक्षीस हातात आल्यावर डोपामिन बोलतं, पण आधीच्या खुणेला पुरेसं बोलत नाही. मधला काळ रिकामा राहतो, आणि त्या रिकाम्या काळात माणूस जवळच्या, लगेच मिळणाऱ्या गोष्टीकडे ओढला जातो. ही उपपत्ती आहे, अजून सिद्ध व्हायची आहे. पण एडीएचडी असलेल्यांच्या मनात लांबच्या बक्षिसाची किंमत इतरांपेक्षा लवकर घसरते, हे अनेक प्रयोगांत दिसलंय.

घसरण मोजायला एक साधं सूत्र वापरतात: आजची किंमत = रक्कम ÷ (1 + क × दिवस). 'क' म्हणजे घसरणीचा वेग. महिन्याभराने मिळणारा 11,000 चा रिफंड घ्या. क 0.02 असेल तर आज मनात त्याचे 6,875 रुपये होतात. क 0.1 धरला तर 2,750. (आकडे समजण्यापुरते घेतलेत.) लोकलचं गणित वेगळं. इंडिकेटरवर '3 मिनिटं' लखलखतंय, गाडी चुकली तर शिक्षा आत्ताच, तीही पुढच्या गाडीत कोंबून घेण्याची. भागाकारातले दिवस जवळजवळ शून्य. क कितीही मोठा असला तरी फरक पडत नाही!

मग करायचं काय? औषधं आहेत. त्यातलं मिथाइलफेनिडेट दोन पेशींच्या मधल्या जागेतलं डोपामिन परत खेचून घेणारा पंप अडवतं, त्यामुळे ते जरा जास्त वेळ टिकतं. ते डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच मिळतं आणि त्यांनीच ठरवायचं, त्यावर मी बोलणार नाही. पण औषधाने विवरणपत्र आपोआप भरलं जात नाही. 2010 मध्ये स्टीव्हन सॅफ्रेन यांच्या गटाने औषध चालू असूनही त्रास असलेल्या 86 प्रौढांचा अभ्यास केला. एकच कॅलेंडर, एकच यादी, कामाचे तुकडे पाडणं, हे ज्यांना शिकवलं त्यांना नुसते विश्रांतीचे व्यायाम शिकलेल्यांपेक्षा जास्त फायदा झाला.

'लक्षात ठेव' हा सल्ला यांच्या कामाचा नाही. खूण बाहेर हवी, आणि काम जिथे करायचं तिथेच हवी. मावसभावाच्या दाराला आतून एक खुंटी आहे. किल्ली, रेल्वेचा पास आणि ऑफिसचं कार्ड एकाच गोफात ओवून तिथे टांगलेलं. खाली स्टूल, त्यावर फक्त बॅग. स्टुलावर वर्तमानपत्र ठेवायची कुणाची हिंमत नाही. गोळीची पट्टी साखरेच्या डब्याला रबरबँडने बांधलीय, कारण चहा तो विसरत नाही. विजेचं बिल आपोआप कापलं जातं. ज्या कामात लक्षात ठेवायची गरजच उरत नाही ते सगळ्यात बरं.

यादीतही त्याने बदल केला. 'आयकर' असं लिहिलं की डोळा त्यावरून घसरतो. त्याऐवजी 'शनिवारी चहाचा कप खाली ठेवला, की लॅपटॉप उघडून लॉगिन करायचं', एवढंच. 'अमुक झालं की तमुक करायचं' अशा वाक्याचा उपयोग होतो, हे मानसशास्त्रज्ञ पीटर गॉलविट्झर यांनी बऱ्याच प्रयोगांतून दाखवलंय. वाक्यातला पहिला अर्धा भाग म्हणजे माकडाचा दिवाच, फक्त आपण हाताने लावलेला.

गजर मात्र दोन-तीन महिन्यांत बोथट होतो; आवाज कानाला सवयीचा झाला की झोपेतही हात तो बंद करतो. म्हणून मावसभाऊ आवाज बदलत राहतो. सध्या लोकलमधली 'पुढील स्टेशन'ची घोषणा रेकॉर्ड करून लावलीय. सकाळी साडेसातला स्वयंपाकघरात ती वाजते आणि वहिनी वैतागते. दिवाळीपर्यंत तीही निकामी होईल, मग दुसरं काही.

आणखी एक युक्ती एडीएचडी असलेल्यांनी आपसांतच शोधलेली: कंटाळवाणं काम करताना शेजारी कुणीतरी नुसतं बसायचं. मदत करायची नाही, बोलायचंही नाही. यंदा विवरणपत्राच्या वेळी मी बसलो, भाजी निवडत. 28 जुलैलाच भरून झालं.

हा लेख छापायला देण्याआधी त्याला वाचायला पाठवला होता. तीन आठवडे गेले. काल शेवटी फोन लावला आणि म्हटलं, "मी धरून ठेवतो, तू वाच." अकरा मिनिटांत वाचून झाला. एकच दुरुस्ती सांगितली. मोती तीनदा हरवला होता, तिसऱ्यांदाचं मावशीला अजून माहीत नाही.