स्वमग्नता आणि मेंदूची जाळी: एका नोंदीपासून आजपर्यंत

बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधले बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ साली ११ मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले. स्वमग्नतेचे, म्हणजे ऑटिझमचे, आज जे चित्र आपल्या डोळ्यांसमोर येते ते बरेचसे तिथून आलेले आहे. त्या लेखात एक बारीकशी नोंद आहे: ११ पैकी ५ मुलांची डोकी तुलनेने मोठी होती. ही अडचण जन्मजात असावी, असेही कॅनर यांनी शेवटी लिहिले होते.

हे दोन धागे तेव्हाच पकडले असते तर कित्येक घरांचे दुःख टळले असते. पण त्याच लेखात आईवडिलांच्या कोरडेपणाचाही उल्लेख होता, आणि लोकांच्या लक्षात राहिला तो तेवढाच. १९४९ मध्ये कॅनर यांनीच या घरांना रेफ्रिजरेटरची उपमा दिली. पुढची वीस वर्षे ‘आईची माया कमी पडली म्हणून मूल असे झाले’ हे तज्ज्ञांच्या तोंडून आयांना ऐकावे लागले. त्याला कसलाही पुरावा नव्हता. १९६४ मध्ये बर्नार्ड रिमलंड या मानसशास्त्रज्ञाने हे मूळ मेंदूत आहे, अशी मांडणी केली. त्यांचा स्वतःचा मुलगा स्वमग्न होता. १९७७ मध्ये सुझन फोल्स्टाइन आणि मायकेल रटर यांनी जुळ्यांच्या २१ जोड्या तपासल्या. ११ एकसारख्या, म्हणजे जवळपास तीच जनुके असलेल्या, जोड्यांपैकी ४ जोड्यांत दोन्ही भावंडे स्वमग्न होती, तर १० वेगळ्या जोड्यांपैकी एकाही जोडीत दोन्ही नव्हती. अभ्यास लहानच होता, पण आईवरचा आरोप त्याने खिळखिळा केला.

मग शोध सुरू झाला तो मेंदूतल्या ‘बिघडलेल्या जागे’चा. १९८५ मध्ये मार्गारेट बाउमन आणि थॉमस केंपर यांना एका २९ वर्षांच्या स्वमग्न माणसाच्या मृत्यूनंतर त्याच्या लहान मेंदूत पर्किंजे नावाच्या मोठ्या चेतापेशी कमी आढळल्या. इतरांनी इतर भागांकडे बोट दाखवले. सगळ्यांमध्ये सापडेल अशी एक जागा मात्र मिळाली नाही, आणि मला वाटते या अपयशानेच प्रश्न बदलायला भाग पाडले. बिघाड कुठे आहे, हे विचारण्याऐवजी मेंदूचे भाग एकमेकांशी कसे बोलतात, हे विचारले जाऊ लागले. १९८८ मध्येच बॅरी हॉर्विट्झ आणि सहकाऱ्यांनी पेट स्कॅनवरून, म्हणजे मेंदूचा कोणता भाग किती काम करतो हे दाखवणाऱ्या चित्रांवरून, दाखवले होते की स्वमग्न प्रौढांमध्ये दूरच्या भागांच्या कामाचा मेळ कमी बसतो. २००४ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या मार्सेल जस्ट यांच्या गटाला फंक्शनल एमआरआयमध्ये (काम करणाऱ्या मेंदूच्या स्कॅनमध्ये), वाक्य समजून घेताना, तसेच दिसले. ‘जोडण्या कमी’ हा सिद्धांत त्यातून रुजला.

तो फार दिवस निर्विवाद राहिला नाही. स्कॅनच्या यंत्रात डोके अगदी किंचित हलले तरी दूरच्या जोडण्या खऱ्यापेक्षा कमी आणि जवळच्या जास्त दिसतात, हे २०१२ मध्ये तीन गटांनी वेगवेगळे दाखवून दिले. स्वमग्न मुलांना यंत्रात निश्चल पडून राहणे अनेकदा जड जाते. म्हणजे निष्कर्षांचा काही भाग मेंदूचा नव्हता, हालचालीचा होता. हे मान्य करायला आणि जुनी माहिती पुन्हा चाळायला जे संशोधक तयार झाले, त्यांच्याविषयी मला आदर वाटतो. २०१३ मध्ये लहान मुलांवरच्या काही अभ्यासांत तर उलटेच दिसले: काही जोडण्या नेहमीपेक्षा जास्त होत्या. मुलांमध्ये जास्त आणि प्रौढांमध्ये कमी, असे असेल तर वयाचा हिशेब धरल्याशिवाय उत्तर मिळणारच नव्हते.

मेंदूची जाळी एका दिवसात विणली जात नाहीत. चेतापेशी गर्भातच तयार होऊन आपापल्या जागी पोहोचतात. जन्मानंतर त्यांच्यातले सांधे, म्हणजे सिनॅप्स, गरजेपेक्षा कितीतरी जास्त फुटतात. पुढे वापरातले पक्के होतात आणि बाकीचे छाटले जातात. कोलंबिया विद्यापीठातल्या एका गटाने २०१४ मध्ये मृत्यूनंतरच्या मेंदूंतून ही छाटणी मोजली. बालपणापासून किशोरवयाच्या अखेरीपर्यंत सर्वसाधारण मेंदूंत चेतापेशींवरचे काटे, म्हणजे हे सांधे जिथे जुळतात ती बारीक टोके, जवळपास निम्म्याने घटले होते, स्वमग्नांमध्ये फक्त सुमारे १६ टक्क्यांनी.

आणखी मागे जायचे तर तान्ह्या बाळांकडेच जावे लागते, आणि निदान तर बोलण्या-खेळण्याच्या वयात होते. यावर वाट निघाली ती धाकट्या भावंडांमुळे: मोठे भावंड स्वमग्न असेल तर धाकट्यात शक्यता जास्त असते. अमेरिकेत अशा बाळांचे झोपेत स्कॅन घेण्यात आले. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ९२ बाळांच्या अभ्यासात २८ जण पुढे स्वमग्न ठरले. त्यांच्या मेंदूतले तंतूंचे मार्ग सहाव्या महिन्यात इतर बाळांपेक्षा पुढे होते, पण नंतर त्यांची वाढ मंदावली आणि दोन वर्षांच्या वयात ते मागे पडले. २०१७ मध्ये हीदर हॅझलेट यांच्या गटाला दिसले की स्वमग्न ठरलेल्या बाळांमध्ये मेंदूच्या सालीचा पृष्ठभाग ६ ते १२ महिन्यांत झपाट्याने पसरतो आणि मेंदूचे आकारमान त्यानंतर, दुसऱ्या वर्षात वाढते. कॅनर यांची मोठ्या डोक्यांची नोंद इथे येऊन पुन्हा जिवंत झाली. मात्र मोठे डोके हे सर्वांचे लक्षण नाही. ते काहींमध्येच, आणि बहुतेक मुलग्यांमध्ये आढळते.

२०१३ मध्ये जनुकांच्या दोन अभ्यासांनी सुरुवात त्याही मागे नेली. स्वमग्नतेशी निगडित अनेक जनुके गर्भावस्थेच्या मध्यात, मेंदूची साल घडत असताना, एकत्र कामाला लागतात असे त्यांत दिसले. शिवाय २०१५ मध्ये इस्राएलच्या वाइझमन संस्थेतल्या संशोधकांनी दाखवले की स्वमग्न प्रौढांच्या जाळ्यांची ठेवण एकमेकांशीही जुळत नाही. प्रत्येकाची घडण आपापली. सरासरी काढली की नेमका हाच वेगळेपणा पुसला जातो.

या सगळ्या माहितीत एक मोठी पोकळी आहे. यंत्रात शांत पडून सूचना पाळू शकणारेच बहुतेक अभ्यासांत आले, आणि त्यातही मुलगे जास्त. जे बोलत नाहीत, ज्यांना बौद्धिक अक्षमताही आहे, त्यांच्या मेंदूतली जाळी कशी विणली जातात याची मोजमापे फारच थोडी आहेत. स्वमग्न मुलींचीही तीच गत.