पर्णविकार (कुंडीतील झाडे)

घरात, गॅलरीत किंवा खिडकीच्या ग्रिलवर कुंडीत वाढवलेल्या झाडांच्या पानांचा रंग, पोत किंवा आकार बिघडणे. पाने पिवळी पडणे, टोके करपणे, ठिपके उठणे, पाने मुरडणे, चिकट होणे आणि गळणे ही त्याची नेहमीची रूपे होत. यांतले बरेच बिघाड रोगामुळे नव्हे, तर पाणी, उजेड आणि माती यांचा मेळ न बसल्याने होतात. म्हणून फवारणीची बाटली हाती घेण्याआधी तीन गोष्टी पाहाव्यात : आधी कोणते पान बिघडले, मातीत दोन पेरे खोल बोट घातल्यावर ओल लागते का, आणि पानाच्या खालच्या बाजूला काय आहे.

पहिला प्रश्न सर्वांत जास्त सांगून जातो. हरितद्रव्याच्या रेणूच्या मध्यभागी मॅग्नेशियम असते आणि त्याभोवती नायट्रोजनचे चार अणू. ही दोन्ही द्रव्ये झाडाला एका पानातून काढून दुसरीकडे नेता येतात. त्यामुळे टंचाई आली की झाड जुन्या पानांतून ती उपसते आणि कोवळ्या पानांना देते. नायट्रोजन कमी पडला तर खालची पाने सरसकट फिकट पिवळी होतात. मॅग्नेशियम कमी पडले तर त्याच जुन्या पानांच्या शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडतो. लोहाचे तसे नाही. ते एकदा पानात बसले की तिथून फारसे हलत नाही, म्हणून त्याची उणीव शेंड्याच्या नव्या पानांवर दिसते. हिरव्या शिरांचे जाळे आणि मध्ये पिवळट, पुढे पांढुरके पान, असे हे रूप असते. उसावर असे झाले की शेतकरी ‘केवडा पडला’ म्हणतात; कुंडीत तो अनंत, जास्वंद आणि गुलाबावर नेहमी आढळतो. मातीत लोह असूनही हे घडते, कारण माती विम्ल (आम्लाच्या उलट, अल्कधर्मी) झाली की मुळांना ते उचलता येत नाही. दख्खनच्या काळ्या पाषाणातून येणारे बोअरचे पाणी बहुधा जड असते आणि वर्षभर तेच घातल्यावर कुंडीतली माती हळूहळू विम्ल होते. चिलेटेड लोह (अशा मातीतही मुळांना उचलता येईल अशा रूपातले लोह) पाकिटावरील प्रमाणात दिल्यास नवी पाने हिरवी येतात, पण पाणी तेच राहिले तर केवडा परत येतो. पावसाळ्यात पिंपात साठवलेले पाणी या झाडांना मानवते. मॅग्नेशियमसाठी एका लिटर पाण्यात 5 ग्रॅम एप्सम मीठ विरघळवून पानांवर फवारतात.

सर्वाधिक झाडे मात्र पाण्याने जातात, आणि तेही जास्त पाण्याने. मुळांना श्वसनासाठी हवा लागते. सतत ओल्या मातीतल्या पोकळ्या पाण्याने भरल्या की मुळे गुदमरतात, मग कुजवणाऱ्या बुरशीसारख्या जीवांना वाट मिळते. मुळे गेली की भोवती पाणी असूनही झाडाला ते ओढता येत नाही आणि झाड मान टाकते. तहानलेले झाडही अशीच मान टाकते. लांबून दोन्ही सारखी दिसतात, म्हणून पाहणारा आणखी एक तांब्या पाणी घालतो आणि उरलीसुरली मुळेही संपतात. फरक हाताला कळतो : तहानलेल्या झाडाची कुंडी उचलायला हलकी लागते आणि पाने कोरडी, कुरकुरीत होतात, कुजणाऱ्या झाडाची पाने मऊ, पिवळी असतात आणि मातीला आंबूस वास येतो. नर्सरीच्या पिशवीतली चिकट माती आणि खाली भोक नसलेली शोभेची बाहेरची कुंडी ही जोडी विशेष घातक.

अशा वेळी झाड कुंडीतून बाहेर काढावे. निरोगी मूळ पांढरे व टणक असते; कुजलेले तपकिरी असून चिमटीत धरले की त्याची साल सुटून येते. कुजलेला भाग स्वच्छ कात्रीने कापून झाड लहान कुंडीत, कोकोपीट व जाडसर वाळू मिसळलेल्या भुसभुशीत मातीत लावावे. नवे पान फुटेपर्यंत खत देऊ नये. मनी प्लांटची मुळे पूर्ण गेली असतील तर पेर असलेली फांदी पाण्यात ठेवून नवे रोप करणे अधिक खात्रीचे.

पानांची फक्त टोके करपत असतील तर मातीत साचलेले क्षार किंवा कोरडी हवा कारण असते. ड्रॅसिना आणि स्पायडर प्लांटला पाण्यातले फ्लोराइडही बाधते. पाणी रात्रभर उघडे ठेवल्याने क्लोरीन उडून जाते. क्षार आणि फ्लोराइड तसेच राहतात. कुंडीतून भरपूर पाणी वाहू देऊन माती धुऊन काढणे हा त्यावरचा उपाय. उन्हाने भाजल्याचे डाग वेगळे : खिडकीकडच्याच बाजूला, पांढुरके आणि कागदासारखे.

मार्च ते मे या कोरड्या महिन्यांत, विशेषतः देशावर, लाल कोळी वाढतो. पान बारीक टिकल्यांनी निस्तेज होते, पुढे नाजूक जाळी दिसते. पांढऱ्या कागदावर पान झटकले आणि पडलेले ठिपके चालू लागले, तर निदान पक्के झाले. हा आठ पायांचा जीव कीटक नाही, त्यामुळे साध्या कीटकनाशकाने त्याला खाणारे मित्रजीव मरतात आणि तो उलट फोफावतो. पानांची खालची बाजू दर तीन-चार दिवसांनी पाण्याच्या जोरदार धारेने धुणे आणि हे दोन-तीन आठवडे न चुकता करणे उपयोगी पडते. एकदा धुऊन थांबल्यास अंडी राहतात. पिठ्या ढेकूण पानांच्या बेचक्यात कापसासारखा दिसतो. तो चिकट गोड द्रव सोडतो, त्यावर मुंग्या येतात आणि काळी काजळी धरते. किडे थोडे असतील तर स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाने टिपावेत. जास्त असतील तर एक लिटर पाण्यात 5 मिली कडुनिंबाचे तेल आणि ते मिसळण्यापुरता सौम्य द्रवसाबण घालून संध्याकाळी फवारावे. आधी एका पानावर पाहून घ्यावे.

करपलेले किंवा डागाळलेले पान पुन्हा हिरवे होत नाही. उपाय लागू पडला की नाही, हे पुढच्या नव्या पानावरून ठरते, आणि एका वेळी एकच बदल केला तरच नेमके काय लागू पडले ते कळते.

काही खुणा विकाराच्या नसतातच. अळूच्या कुळातल्या झाडांच्या पानांच्या टोकांवर सकाळी दिसणारे थेंब झाडानेच बाहेर टाकलेले पाणी असते. थंडीत कढीपत्ता पिवळा पडून गळतो आणि ऊन वाढल्यावर पुन्हा फुटतो. त्याच कढीपत्त्याच्या पानावर पक्ष्याच्या शिटेसारखा ठिपका दिसला, तर ती बहुधा लिंबावरच्या फुलपाखराची कोवळी अळी असते. ती पुढे हिरवी होते आणि बरीच पाने खाते. झाड जोमदार असेल तर तिला राहू द्यावे.