बोटावरचे ९९, कपाळावरचे ६५

‘सॅच्युरेशन ९९ आहे, म्हणजे मेंदूला ऑक्सिजन नीट मिळतोय.’ नातेवाईक असं म्हणाले तर समजू शकतो. ऑपरेशन थिएटरमध्ये डॉक्टरांच्याच तोंडून ऐकलं की डोकं फिरतं. तितकाच वैताग उलट्या प्रकाराचा: मेंदूचा ऑक्सिजन मोजणाऱ्या कपाळावरच्या पट्टीचा आकडा ६५ दिसला की उगाच धावपळ.

बोटाचा पल्स ऑक्सिमीटर करोनात घरोघरी पोचला, त्यामुळे त्यावर फार बोलत नाही. तो नाडीच्या ठोक्याबरोबर कमीजास्त होणारं रक्त तेवढं वेगळं काढतो, म्हणजे धमनीतलं, आणि त्यात ऑक्सिजन किती टक्के भरलाय ते सांगतो. हेच ते सॅच्युरेशन.

मेंदूच्या ऑपरेशनात कपाळावर चिकटवतात तो सेरेब्रल ऑक्सिमीटर. प्रकाश त्याच जातीचा, उत्तरही टक्क्यांतच, म्हणून घोटाळा. पण हे यंत्र ठोक्याकडे बघतच नाही. पट्टीखालच्या धमन्या, केशवाहिन्या, शिरा, सगळ्यांचं रक्त ते एकत्र मोजतं, आणि त्यात सुमारे ७० ते ७५ टक्के वाटा शिरांचा असतो. थोडक्यात, बोट सांगतं मुलाला डबा किती भरून दिला. कपाळ सांगतं डब्यात उरलं किती. मेंदू आलेल्या ऑक्सिजनपैकी साधारण एक तृतीयांश खातो, म्हणून इथे ६० ते ७५ हा आकडा निरोगी माणसाचा. त्याला ९५ ची फूटपट्टी लावू नका.

हा फरक कळतो रक्तातला कार्बन डायऑक्साइड खाली गेल्यावर. कवटी उघडली, सर्जन म्हणाले ‘मेंदू टाइट आहे’ (म्हणजे फुगलाय), की व्हेंटिलेटरचा वेग वाढवला जातो. कार्बन डायऑक्साइड पाऱ्याच्या ४० मिलिमीटरवरून २८ वर येतो, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात, मेंदू सैल पडतो, सर्जन खूश. पण कार्बन डायऑक्साइड एक मिलिमीटर उतरला की मेंदूचा रक्तपुरवठा साधारण ३ टक्क्यांनी घटतो. बोटावर १०० च, कारण फुप्फुसांचं काम उत्तम चाललंय. कपाळावर मात्र ७० चे ५५ होतात. रक्त कमी येतंय आणि मेंदू त्यातूनच ओरबाडून घेतोय. कॅरॉटिडला, म्हणजे मेंदूला रक्त नेणाऱ्या मानेतल्या धमनीला, चिमटा (क्लॅम्प) लावला, रक्तदाब पडला, मान जास्त वळवली, तरी बोट तितकंच निवांत.

उरलेलं मोजतो म्हणून आकडा चढला की बरंच, असंही नाही. मेलेला मेंदू काही खात नाही. तिथेही आकडा छान दिसू शकतो.

बाकी मर्यादा सगळ्यांना ठाऊक असतात: दिसतो तो फक्त कपाळामागचा भाग, टाळूच्या रक्ताची भेसळ होते, आणि सर्जनची चीर तिथेच असेल तर पट्टीला जागाच नाही. मेंदूत सुई घालून मोजतात तो प्रकार पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये असतो आणि बहुतेक वेळा डोक्याला मार लागलेल्यांसाठी आयसीयूत वापरतात. त्याची इथे सरमिसळ नको.

माझा हट्ट एकच. पट्टी भूल देण्याआधी, पेशंट जागा असताना लावा आणि तो आकडा लिहून ठेवा. सुरुवातीच्या आकड्याच्या २० टक्के घसरण झाली, म्हणजे ७० चे ५६ झाले, की कार्बन डायऑक्साइड, रक्तदाब, मान, हिमोग्लोबिन बघायचं. डोकं पिनांमध्ये अडकवून, निर्जंतुक कापडं टाकून झाल्यावर ‘आता पट्टी लावूया का?’ असं कोणी विचारलं तर मी सरळ नको म्हणतो.