चकवा लागतो तेव्हा नेमकं काय होतं?

कोकणात भुताखेतांना तोटा नाही. त्यातल्या त्यात चकवा सज्जन. मानगुटीवर बसत नाही की कोंबडा-नारळ मागत नाही, नुसता फिरवतो. राजापूर-देवगडकडच्या सड्यावरून, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या माळावरून, अंधाऱ्या रात्री निघालेला माणूस बराच वेळ चालतो आणि पुन्हा त्याच गडग्यापाशी, दगडी कुंपणापाशी, येऊन उभा राहतो. उजाडल्यावर कळतं, वाडी हाकेच्या अंतरावर होती.

सांगणारे थापा मारत नाहीत. जर्मनीत ट्युबिंगेनच्या माक्स प्लांक संस्थेतले यान साउमन आणि त्यांचे सहकारी यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात चकवा जणू मुद्दाम लावून पाहिला. माणसांना जीपीएस देऊन जंगलात आणि सहारा वाळवंटात सोडलं. अट एकच, सरळ चालायचं. जंगलात ऊन असताना माणसं बऱ्यापैकी सरळ गेली. आभाळ भरलेल्या दिवशी मात्र गोल फिरली, स्वतःचीच वाट पुन्हा पुन्हा ओलांडली आणि त्यांना पत्ताही लागला नाही. वाळवंटात रात्री चालणारा गडी चंद्र दिसत होता तोवर नीट होता. चंद्र ढगाआड गेला आणि तो वळत वळत आल्या दिशेलाच लागला. डोळे बांधल्यावर तर काहींचं वर्तुळ जेमतेम २० मीटर व्यासाचं!

एक पाय किंचित आखूड असतो म्हणून माणूस वळतो, असं पूर्वी सांगत. पण इथे तोच माणूस कधी डावीकडे वळे, कधी उजवीकडे. म्हणजे दोष पायांचा नाही. आतल्या कानातली तोल सांभाळणारी इंद्रियं आणि स्नायू-सांधे यांच्या निरोपांवरून मेंदू ‘समोर’ कुठे आहे याचा अंदाज बांधतो. दर पावलाला त्यात बारीक चूक होते आणि उधारीच्या वहीतल्या चुकीसारखी पुढच्या पानावर ओढली जाते. दिवसा लांबचा माड किंवा देवळाचा कळस ती दुरुस्त करतो. सड्यावर काळोखात आहे काय? सपाट जांभा, पावसाळ्यात वर धुकं, आणि गडगे सगळे सारखेच.

हातात बॅटरी असली तरी फार फरक पडत नाही, उलट पंचाईतच. डोळे अंधाराला पुरते सरावायला अर्धा तास तरी लागतो. झगझगीत उजेड तो सराव क्षणात मोडतो. कडेला कुणी उभं असल्यासारखं वाटतं, रोखून पाहावं तर नाहीसं होतं, त्याचंही कारण डोळ्यातच आहे. मंद उजेडात पाहणाऱ्या पेशी दृष्टिपटलाच्या ऐन मध्यावर नसतातच, आणि रोखून पाहिलेलं नेमकं तिथेच उमटतं.

जुनी माणसं सांगतात, चकवा लागला तर चालू नको, बस आहेस तिथे, फटफटलं की ऊठ. मला हा उतारा बिनतोड वाटतो: पाऊलच टाकलं नाही तर चूक साठणार कशी? बसण्याआधी दगड तेवढा बघून घ्यावा. सड्यावर फुरसं हा विषारी साप असतो, आणि तोही बहुतेक रात्रीच बाहेर पडतो.