शेक, डाग आणि करंट: जनावरांच्या वीज-उपचारामागची गोष्ट

पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे बैलांची खांदशेकणी असते. जू घासून राठ झालेल्या खांद्याला हळद-तूप लावायचं, पळसाच्या पानाने शेकायचं आणि बैलाला म्हणायचं, ‘आज आवतण घ्या, उद्या जेवाले या.’ दुखऱ्या अंगाला ऊब द्यावी, हे विदर्भातल्या शेतकऱ्याला पुस्तकातून कळलेलं नाही. पण त्याच गोठ्यात डागही होता. लंगडत्या बैलाच्या सांध्यावर तापलेलं लोखंड टेकवायचं. भाजल्यामुळे जनावर काही दिवस कामाला जुंपलं जात नाही, विश्रांतीने पाय सुधारतो आणि नाव डागाचं होतं. ब्रिटनमध्ये घोड्यांच्या दुखावलेल्या स्नायुबंधांवर झालेला अभ्यास १९८३ साली प्रसिद्ध झाला. डागण्याने ते लवकर भरून येत नाहीत, असंच त्यातून दिसलं. मुक्या जिवाला तो चटका फुकटच सोसावा लागला, हे वाचून मला आजही वाईट वाटतं.

विजेचा उपचार मी शेकाच्या घराण्यातला मानतो. त्याची सुरुवात माशापासून झाली. पहिल्या शतकातला रोमन वैद्य स्क्रिबोनियस लार्गस पाय ठणकणाऱ्या रोग्याला समुद्रकाठी जिवंत टॉर्पेडो माशावर उभं करी. त्या माशाच्या अंगच्या विजेने पाय बधिर होईपर्यंत रोग्याने तसंच थांबायचं. पुढे १७९१ मध्ये इटलीच्या गॅल्व्हानीने बेडकाच्या पायांवरचे आपले प्रयोग छापले, आणि नस व वीज यांचं नातं जगासमोर आलं. फ्रान्सच्या ड्युशेनने १८५५ मध्ये एकेका स्नायूला वीज देण्याची पद्धत ग्रंथात मांडली.

दुखणं कमी का होतं, याचं पटणारं उत्तर मात्र १९६५ मध्ये मेलझॅक आणि वॉल या शास्त्रज्ञांनी दिलं. ठेच लागली की आपण अंगठा दाबून चोळतो. त्या स्पर्शाचे निरोप मणक्यातल्या ‘फाटकात’ आधी शिरतात आणि वेदनेच्या निरोपांची वाट अडते. हलकी वीज हेच चोळण्याचं काम करते. त्यातूनच ‘टेन्स’ नावाचं बॅटरीवरचं छोटं यंत्र आलं. स्नायू आखडवून बळकट करणारं यंत्र वेगळं, आणि या दोघांची गल्लत फार होते. गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेल्या कुत्र्यांना हे दुसऱ्या प्रकारचे झटके देऊन अमेरिकेत अभ्यास झाला, तो १९९७ मध्ये छापून आला. मांडीचा घेर वाढला, लंगडणं कमी झालं, पण गुडघ्यातल्या कूर्चेच्या गादीला इजाही जास्त दिसली. म्हणजे उपाय खरा आहे, पण हात जाणत्याचा हवा.

आमच्या भागात ‘करंट’ म्हटलं की लोक आधी दचकतात. रानडुकरांसाठी कुंपणात चोरून सोडलेल्या विजेने माणसं आणि वाघही मेलेले आहेत, त्यामुळे ही भीती साधार आहे. कुंपणातली ती घरची २३० व्होल्टची वीज. टेन्समध्ये बॅटरीवरचा काही मिलिअँपियरचा प्रवाह असतो, कातडीला मुंग्या येतील इतकाच.

मग दुखण्यावर गोळी का नको? जनावरांसाठी डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक आपल्याकडे २००६ मध्ये बंद झालं, कारण ते दिलेल्या जनावरांचं मढं खाऊन गिधाडं मेली. २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि अॅसिक्लोफिनॅकवरही बंदी आली. मेलॉक्सिकॅम आहे, पण म्हाताऱ्या कुत्र्याची किडनी खराब असेल तर तेही जपूनच द्यावं लागतं. आणि घरातली माणसांची गोळी देणं तर घातकच: आयब्युप्रोफेनने कुत्र्याच्या पोटात जखमा होतात, पॅरासिटामॉलने मांजर मरतं. औषध कमी लागावं म्हणून वीज जोडीला घेतात. औषधाची जागा ती पूर्ण घेत नाही.

नागपूरला १९५८ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, पण खेड्यातल्या कुत्र्याला तिथवर नेणारं कोण? म्हणून लोक माणसांचं यंत्र आणून घरीच त्याच्या वीज देणाऱ्या पट्ट्या लावू पाहतात. केसांवर पट्टी चिकटत नाही, आधी केस काढून जेल लावावी लागते. गाभण जनावराला, गाठीवर, पिकलेल्या जखमेवर किंवा गळ्याच्या पुढच्या बाजूला ती लावूच नये. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, कुत्र्याचे मागचे पाय अचानक लुळे पडले, जबडा लोंबू लागला, लाळ गळू लागली, तर तो पिसाळण्याचा शांत प्रकार असू शकतो. तेव्हा तोंडाजवळ हात नेऊ नका, यंत्र बाजूला ठेवा आणि आधी पशुवैद्यकाला बोलवा.