चकतीच्या दूरध्वनींचे प्रकार ओळखणे

चकती फिरवून नंबर लावायच्या जुन्या फोनचा नमुना, घडणीचा काळ आणि अस्सलपणा त्याच्या अंगावरच्या खुणांवरून ठरवण्याची पद्धत. संग्राहक, दुरुस्ती करणारे आणि संग्रहालये तिचा आधार घेतात. अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये फोन दीर्घकाळ ग्राहकाच्या मालकीचा नसे. कंपनी किंवा टपाल खाते तो भाड्याने देई. परत आलेला फोन खोलला जाई, खराब भाग बदलले जात आणि तो दुसऱ्या घरी जाई. त्यामुळे कवच एका वर्षाचे, घंटी दुसऱ्या वर्षाची, चकती तिसऱ्याच वर्षाची, असे सर्रास आढळते. असा फोन बनावट ठरत नाही, पण नुसत्या कवचावरून त्याचे वय सांगणे धोक्याचे असते. म्हणून जाणकार आधी फोन उलटा करतो.

वेस्टर्न इलेक्ट्रिक या अमेरिकी कंपनीचा ५०० नमुना हे याचे उत्तम उदाहरण. हेन्री ड्रेफस यांनी आकार दिलेला हा फोन १९४९ मध्ये आला. तळाच्या पत्र्यावर ‘५०० सी/डी’ आणि शेजारी ‘८-५६’ अशी छाप असेल, तर ती ऑगस्ट १९५६ ची. मग कवच काढून चकतीच्या मागे, घंटीवर, कवचाच्या आतल्या अंगाला आणि रिसीव्हरच्या टोप्या फिरवून आतल्या कॅप्सूलवर (आवाजाच्या डबीवर) तारखा शोधायच्या. सगळ्या एकमेकींच्या जवळपास असल्या की फोन कारखान्यातून जसा निघाला तसाच आहे, असे समजावे. असे फोन कमी मिळतात. पन्नाशीच्या दशकातल्या रंगीत ५०० ची कवचे सेल्युलोजपासून केलेल्या मऊ प्लास्टिकची असत. ती जुनी झाल्यावर खवट लोण्यासारखा वास सोडतात. नंतरच्या टणक एबीएस प्लास्टिकला असा वास येत नाही, त्यामुळे इथे नाकही कामाला येते.

त्याआधीचा ३०२ नमुना १९३७ चा. सुरुवातीला त्याचे कवच ओतीव जस्त-मिश्रधातूचे होते, चाळीशीच्या दशकात ते प्लास्टिकचे झाले. धातूचे कवच हाताला थंड आणि जड लागते, पण त्याला चुंबक चिकटत नाही. चकतीवरूनही दोन्ही नमुने ओळखता येतात: ३०२ मध्ये आकडे बोटाच्या भोकांमधून दिसतात, ५०० मध्ये ते चकतीबाहेरच्या कड्यावर आहेत. आकडे बाहेर गेल्यावर बोटाला नेम धरायला खूण उरली नाही, म्हणून भोकांखाली पांढरे ठिपके आले. ही सूचना बेल लॅब्ज या अमेरिकी दूरध्वनी संशोधनसंस्थेतले मानसशास्त्रज्ञ जॉन कार्लिन यांची.

ब्रिटिश टपाल खात्याच्या फोनमध्ये घंटी कुठे आहे ते पाहावे. १९२९ च्या पिरॅमिडसारख्या १६२ नमुन्यात घंटी नसतेच. ती वेगळ्या पेटीत असे. १९३७ पासूनच्या ३०० मालिकेतल्या ३३२ मध्ये ती पोटात आली, आणि त्याच्या तळाशी बहुधा छोटा खण असतो. या मालिकेचा आकार नॉर्वेच्या जाँ हेबर्ग यांनी एरिक्सन या स्वीडिश कंपनीसाठी घडवलेल्या फोनवरून आला.

आकडे आणि अक्षरांची मांडणी देश सांगते. अमेरिकी चकतीवर ६ पाशी एम, एन आणि ओ ही अक्षरे असतात. ब्रिटिश चकतीवर ६ पाशी एम आणि एन एवढीच असून ओ आणि क्यू शून्यापाशी असतात. स्वीडनमध्ये शून्य १ च्या आधी येतो, म्हणून त्याचा एकच स्पंद (तारेतून जाणारा विजेचा ठोका) जातो. इतर बहुतेक देशांत शून्याचे दहा स्पंद जातात. न्यूझीलंडमध्ये आकडे उलट्या क्रमाने आहेत, मात्र शून्य नेहमीच्या जागी आहे.

वायरही बोलते. कापडी विणीची सरळ दोरी जुनी, गुंडाळीची नंतरची. अमेरिकी फोनला खटक्याने बसणारा चौकोनी प्लग सत्तरीच्या दशकातला. पन्नाशीच्या फोनला तो असेल तर जोडणी नंतर बदललेली आहे.

सर्वाधिक फसवणूक रंगात होते. बेकेलाइट या जुन्या टणक प्लास्टिकचे काळे कवच लाल रंगवून दुर्मिळ म्हणून विकले जाते. खरा रंग प्लास्टिकच्या अंगातच असतो, म्हणून कवच काढून आतली बाजू आणि स्क्रूच्या भोकाची कड पाहावी. तिथे काळे दिसले, तर वरचा लाल थर फक्त रंगाचा आहे.